नाक शिंकरल्यावर फुगलेला डोळा
सर्दीच्या बामाचा वास आला की मला हातकणंगल्यातली, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली ती सकाळ आठवते. जू ठेवताना बैलानं मान उडवली आणि शिंगाचा बुंधा आमच्या ह्यांच्या डाव्या डोळ्याखाली बसला. नाकातून रक्त आलं. सासूबाई म्हणाल्या, "शिंकर जोरात, आतलं रगात निघू दे." ह्यांनी नाक शिंकरलं आणि आमच्या देखत डोळा पुरीसारखा टम्म फुगून मिटला. डोळा गेला, असंच मला वाटलं. शहरात नेलं, तिथं राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी ती पापणी बोटानं दाबली, मलाही दाबायला लावली. आत चुरमुऱ्यांसारखं कुरकुरलं. भीती विसरून मी पुन्हा दाबलं. "हवा हाय ती," डॉक्टर म्हणाले, "डोळ्याखालचं हाड पापडागत पातळ असतंय. ते मोडलंय, म्हणून नाकातली हवा वर शिरली." मग पापणी उचलून त्यांनी पेन वर नेलं. उजवं बुबुळ वर गेलं, डावं अडकलं. "किती पेनं दिसत्यात?" "दोन की!" स्कॅनमध्ये मोडलेल्या हाडात चिमटलेला, डोळा फिरवणारा स्नायू दिसला. ऑपरेशन करून तो सोडवला, खाली पातळ पट्टी बसवली. हळूहळू पेन पुन्हा एकच दिसू लागलं. "आता काही आठवडे नाक शिंकरायचं न्हाय," डॉक्टरांनी बजावलं. आता आमचे केस पिकले, तरी सर्दी झाली की हे आधी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवतात, मगच शिंकरतात. आणि शेजारी बसलेल्या माझाही हात नकळत माझ्या डोळ्यावर जातो.