मिथुन राशीतली दोघं

काल सोसायटीच्या गच्चीवर डांबर घातलं. त्या वासाने मला आंबिवलीची आमची गच्ची आठवली. मी आणि माझी जुळी बहीण सुमा तेव्हा दहा वर्षांच्या होतो. संध्याकाळी वीज गेलेली, म्हणून मामा आम्हाला वर घेऊन गेला. नव्या डांबराला चपला चिकटत होत्या.

"ते शेजारशेजारचे दोन तारे म्हणजे मिथुन रास," मामा म्हणाला. "ग्रीक लोकांच्या गोष्टीत ते जुळे भाऊ. एक लढाईत मेला. दुसरा अमर होता, त्याने भावाला आपलं अर्धं आयुष्य दिलं. तेव्हापासून दोघं एक दिवस पाताळात, एक दिवस स्वर्गात."

"आमच्यातली कोण मरणार?" मी हसत विचारलं.

"मी," सुमा म्हणाली, पाणी मागावं इतक्या सहज. "तू देशील ना गं अर्धं?"

"देईन की."

मामाने आम्हाला लगेच खाली नेलं. त्याच मे महिन्यात सुमा तापाने गेली.

पुढे आई कधीकधी मला सुमा म्हणून हाक मारायची. तिचं मन मोडवेना, म्हणून मी ओ द्यायचे. सुमाचा आवाज घोगरा होता, माझा नाही. पण त्या हाकेला माझ्या तोंडून घोगरी ओ यायची, आणि मी नक्कल करत नव्हते.