हौ म्हणायला काय जातंय

उजव्या हाताचं पहिलं बोट तो आधी पँटला पुसायचा. मग ते क्षणभर हवेत धरायचा आणि 'वाय'चं बटण अगदी हलकेच दाबायचा, झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा तसं. नंतर आमच्याकडे वळून म्हणायचा, "इचारायलंय ना बिचारं, मंग हौ म्हणायला काय जातंय?"

हे रोज सकाळी साडेसातला व्हायचं, आमच्या सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात. टाइम ऑफिस म्हणजे कामगारांची हजेरी ठेवायची खोली. मी तिथला टाइमकीपर आणि तो माझ्या हाताखालचा. त्याचं नाव लिहीत नाही. गिरणीतले लोक त्याला 'कंप्युटरभाऊ' म्हणायचे. मी नुसतं 'अरे' म्हणायचो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद शेवटाला आला होता त्या वर्षांतली ही गोष्ट. गिरणीत संगणक आला तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि दारावर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लागली. मॅनेजरसाहेबांनी त्याच दिवशी हजेरीचं कागदी मस्टर बंद केलं. "संगणक काय आरती ओवाळायला आणलाय?" असं ते म्हणाले. आरती ओवाळली असती तर बरं झालं असतं. कारण लाईट दिवसातून दोनदा जायची, आणि हजेरीची शीट उघडी असताना गेली की शीटचा एखादा भाग तुटून कुठंतरी पडायचा. यंत्र पुन्हा सुरू केलं की काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत इंग्रजी प्रश्न उमटायचा. हरवलेले तुकडे सापडलेत, त्यांच्या फायली करून ठेवू का? हो असेल तर वाय; नाही तर एन, आणि मग ते तुकडे कायमचे पुसले जायचे.

तुमच्यापैकी ज्यांनी हल्ली अशा शीटवर काम केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. आताही शीट उघडली की डाव्या बाजूला जुन्या फायली रांगेत उभ्या राहतात, आम्हाला वाचवायचं का म्हणून. माझा मुलगा त्या न वाचताच बंद करतो. तेवढा वेळ मी खोलीबाहेर जाऊन उभा राहतो.

एकदा औरंगाबादहून दुरुस्तीवाला आला. त्याने वायर बदलली, ब्रशने आतली रुई झाडली आणि निकाल दिला, "मशीन ठीक आहे, तुमची लाईट खराब आहे. बॅटरी घ्या." बॅटरीचं साहेबांनी वार्षिक सभेनंतर बघू म्हणून सांगितलं. मग दुरुस्तीवाला म्हणाला, "निदान तो प्रश्न तरी बंद करून देतो. रोजची कटकट जाईल."

आमचा माणूस यंत्राच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिला. "नका हो. मुकं नका करू त्याला."

वाय दाबल्यावर वीसेक मिनिटं यंत्र घुरघुरत बसायचं आणि मग तुकड्यांच्या फायली द्यायचं. तो एकेक उघडायचा. आत नुसता कचरा असायचा. चौकटी, बदाम, मधेच एखादा हसरा चेहरा, आणि त्या गर्दीत कुठंतरी पी पी पी ए पी. पी म्हणजे हजर, ए म्हणजे गैरहजर. "सापडला!" असं म्हणून तो ते पेन्सिलीने कागदावर उतरवायचा आणि शीटमध्ये जागच्या जागी बसवायचा. मी कपाळाला हात लावायचो. एका दिवसाच्या हजेरीसाठी एवढा खटाटोप!

"एक दीस म्हणू नका, भाऊसाहेब," तो म्हणायचा. "बदलीवाल्याचा दीस हाय त्यो."

त्याचं खरं होतं. बदली कामगार रोज सकाळी फाटकाबाहेर उभे राहायचे. एखादा कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी यांना आत घ्यायचे. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तर कायम करायचं, असा नियम, म्हणून दोनशे तीसच्या आसपास गिरणी त्यांना घरी बसवायची. त्या वर्षी मात्र युनियनने भांडून करार करून घेतला होता. मार्चअखेर ज्याचे दोनशे चाळीस भरतील तो कायम. तेव्हापासून आमच्या खिडकीशी गर्दी असायची. सुताच्या लडी करणाऱ्या रिलिंग खात्यातली एक मावशी तर रोज यायची.

"कंप्युटरभाऊ, माझे किती झाले रं?"

"एकशे अठ्ठ्याण्णव, मावशी. कालच्याला एक घातला की."

"बघ बाबा, खाऊ देऊ नको त्याला."

"खात न्हाई त्यो. तोंडात धरून बसतो, अन् सकाळी परत द्यायचा का म्हणून इचारतो."

आता तुम्हाला वाटेल, एवढं सगळं सांभाळणारा माणूस स्वतः तरी कायम असेल. तो चार वर्षं बदलीच होता. शीटमध्ये सगळ्यात शेवटचं नाव त्याचं. कायम झाला की गिरणीच्या कॉलनीत खोली मिळणार होती. तो पिंगळीहून पॅसेंजरने ये-जा करायचा. खोलीपेक्षा त्याचं लक्ष कॉलनीतल्या नळावर होतं. "पोरींच्या आईला पाण्यासाठी लय लांब जावं लागतंय, भाऊसाहेब. तिथं नळ हाय. दारातच हाय." हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या नळाला तोटी पितळेची आहे हेही मला पाठ झालं होतं.

नामांतरावर त्या दिवसांत टाइम ऑफिसात कुणी तोंड उघडत नसे. कोण कुठल्या बाजूचा, कुणाला काय लागेल, नेम नव्हता. एकदा कुणीतरी मुद्दाम त्याला डिवचलं, "काय कंप्युटरभाऊ, तुझं काय मत?" तो फाईल बघत होता, मान वर न करता म्हणाला, "इतकी वर्षं मागायलेत ना लोक, मंग हौ म्हणायला काय जातंय?"  मी घाईघाईने चहा मागवला. घाबरट माणसाला चहाचा फार उपयोग होतो.

फेब्रुवारीअखेर त्याचे दोनशे एकवीस झाले होते. जुन्या महिन्यांची पगारपत्रकं निघाल्यामुळे ते कागदावर पक्के होते. उरले एकोणीस, आणि ते मार्चच्या शीटमध्ये भरत होते. मार्चच्या चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने मला हाक मारली. "भाऊसाहेब, जरा या इकडं." मी गेलो. त्याने बोट पँटला पुसलं आणि स्वतःच्या नावापुढे एकोणिसावा पी टाकला. दोनशे चाळीस. त्याचं तोंड असं फुललं होतं की मीही हसलो. आणि तेवढ्यात लाईट गेली.

अंधारात तो हसताना ऐकू आला. "जाऊ द्या. सकाळी इचारील."

दुसऱ्या दिवशी बंद होता. त्या काळात कधी नामांतर करा म्हणून बंद, कधी करू नका म्हणून. पॅसेंजर पिंगळीलाच अडकली. तो रुळाच्या कडेने चालत निघाला होता, हे मला नंतर कळलं. इकडे मॅनेजरसाहेब सकाळीच माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. चेअरमन येणार होते आणि त्यांना महिन्याच्या हजेरीचा कागद हवा होता. मी यंत्र सुरू केलं. प्रश्न आला.

"काय विचारतंय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब, रोजचंच आहे."

वाय दाबला असता तर वीस मिनिटं गेली असती. मी एन दाबला. त्याचं वाईट मी चिंतलं नव्हतं, देवाशपथ. घाई होती, साहेबांची भीती होती. आणि खरं सांगायचं तर त्याच्या त्या रोजच्या 'हौ'चा मला कंटाळा आला होता. एकदा तरी या यंत्राला 'नाही' म्हणून बघावं, असं कुठंतरी वाटलं होतं. कागद छापून निघाला. साहेब गेल्यावर मी शीट नीट पाहिली. शेवटच्या सतरा नावांपुढे मार्च महिना कोरा होता.

तो अकराला पोचला. पाय धुळीने माखलेले. चपला काढल्या, पडद्याकडे पाहिलं आणि थबकला.

"भाऊसाहेब, आज इचारलं न्हाई का यानं?"

"नाही," मी म्हणालो.

तो खाली बसला आणि कामाला लागला. फाटकावर बदली कामगारांची वही असायची. आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ फाटकावरचे पहारेकरी मामू तीत लिहायचे. तीन दिवस त्या वहीवरून बोट फिरवत त्याने सोळा जणांचा मार्च भरून काढला. मावशीचाही. सतरावं नाव त्याचं स्वतःचं. वहीत ते एकदाही नव्हतं.

चार वर्षं तो फाटकातून शिरताना मामू हात हलवायचे. "तुमकू क्या लिखना भाई, तुम तो ऑफिसवाले!" आणि तो मान ताठ करून आत यायचा. गिरणीने त्याला दिलेला तेवढा एकच मान होता. मामूंना हे कळलं तेव्हा ते त्याच्यासमोर वही उघडून म्हणाले, "अब्बी लिख देतूं, बोलो कौनसे दिन." त्याने त्यांचा हात धरून वही मिटली. खोटी शाई नको म्हणाला.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "बाकीच्यांना वहीचा आधार आहे. याची हजेरी यानेच टाकलेली, ती मी कशी धरू? टाइमकीपरने लिहून द्यावं, हा किती दिवस आला आणि शीटमधला मार्च कसा गेला."

मला फक्त चार ओळी लिहायच्या होत्या. पण चौथी ओळ 'मी एन दाबला' ही होती. त्याच साली मला ठपक्याचा एक मेमो मिळालेला होता आणि निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. "बघून लिहितो साहेब," मी म्हणालो. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी लिहिलं नाही. सोळा जण कायम झाले. मावशीने पेढा आणून पहिला त्याच्या हातावर ठेवला. एक एप्रिलला त्याने शीटमध्ये शेवटच्या नावापुढे पी टाकला. एक.

आणि मग सुरू झालं ते मी अजून विसरलेलो नाही. रोज सकाळी तो यंत्र सुरू करायचा, बोट पुसायचा, वाय दाबायचा आणि माझ्याकडे वळायचा. "भाऊसाहेब, त्या दिवशी इचारलं व्हतं का यानं?" आवाजात आरोप नाही, चिडणं नाही. रोजचाच प्रश्न, रोजच्याच आवाजात. आणि मी रोज म्हणायचो, "नाही रे बाबा." खोलीला एकच दार, माझी खुर्ची आतल्या बाजूला. उठून जायचं तर त्याच्या खुर्चीला वळसा घालूनच जावं लागायचं. साडेसात वाजायला आले की माझ्या तळहातांना घाम सुटायचा. रविवारी घरीसुद्धा सुटायचा. एक 'हौ' म्हटलं असतं तर आम्ही दोघंही सुटलो असतो. रोज ठरवायचो, आणि रोज तोंडातून 'नाही' यायचं.

आषाढात गिरणीने एक पाळी बंद केली आणि सगळ्या बदली कामगारांना थांबवलं. शेवटच्या सकाळी त्याने वाय दाबला, मला यंत्राची सगळी बटणं पुन्हा एकदा समजावून सांगितली आणि चपला घातल्या. त्या दिवशी त्याने काही विचारलं नाही. मी वाट बघत होतो.

पुढे जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. सोळा वर्षांनी का होईना, सरकार हौ म्हणालं. मला तेवढी हिंमत यायला एन दाबल्यापासून दहा महिने लागले. एका रविवारी मी पॅसेंजरने पिंगळीला गेलो.

घरी त्याची बायको होती. तो भिवंडीला गेला होता, कापडाच्या यंत्रमागावर कामाला. मी कोण ते सांगितलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सतरंजी अंथरली. "बसा, भाऊसाहेब. घरात पाणी सरलंय, घेऊन येते." घागर घेऊन ती गेली ती अर्ध्या तासाने आली. तो अर्धा तास मी त्या सतरंजीवर बसून होतो. कॉलनीतला तो पितळी तोटीचा नळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

तिने चूल पेटवली. मी खाकरलो. "वहिनी, त्यांना एक निरोप सांगायचा होता. त्या दिवशी..." पुढे शब्दच येईनात. 

तिने कपबशी माझ्यापुढे ठेवली. "ऱ्हाऊ द्या. ते जाताना म्हणले व्हते, भाऊसाहेब कवातरी येतील. आले की च्या कर म्हणले. अन् काही इचारू नको म्हणले."

मी बशीत चहा ओतला. तिने खरंच काही विचारलं नाही. साखर बरोबर आहे का, एवढंसुद्धा नाही.