बाकावरचा कान

घड्याळजींचा कान भारी तिखट. दुकानात चाळीस घड्याळं टिकटिकत असली, तरी त्यातलं कुठलं आजारी आहे हे त्यांना शटर वर ढकलतानाच कळायचं. हाच कान घेऊन ते सत्तावीस वर्षं चर्चमधली पायपेटी वाजवत आले. वाजवायचे झकास, त्यात वाद नाही. पण कुणी बेसूर गायलं की मान वळवून असं बघायचे, की गाणारा पुढचं कडवं गिळूनच टाकी. घरचं माणूसही त्यातून सुटलं नाही. बायकोचं आणि सुराचं पहिल्यापासूनच वाकडं. लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी त्यांनी तिला बजावलं, "तू आपले नुसते ओठ हलव. तुझ्या आवाजाने माझी बोटं चुकतात." तेव्हापासून ती ओठ हलवत होती.

मग बेकरीवाल्याची मुलगी कीबोर्ड घेऊन आली, तिच्यामागोमाग तिचा भाऊ गिटार घेऊन आला आणि एके दिवशी ड्रमही आले. पाळकांनी तोडगा काढला. एक रविवार पायपेटीचा, एक रविवार तरुणांचा.

घड्याळजींना मिरच्या झोंबल्या. "चर्च आहे की लग्नाचा हॉल?"

"देवाला दोन्ही ऐकू येतं हो," पाळक म्हणाले.

"ऐकू येतं, पण आवडतं का?"

जसे काही देवाचे कान यांच्याच दुकानात दुरुस्तीला आले होते!

त्या रविवारी पाळी तरुणांची होती. घड्याळजी मुद्दाम लवकर पोचले. आत चिटपाखरू नव्हतं. कीबोर्डवर एक बारीकसं बटण असतं. ते दाबलं की सगळे सूर एक पायरी वर चढतात. पट्ट्या त्याच, बोटं तीच, पण शेजारच्या गिटारशी काही केल्या जुळायचं नाही. घड्याळजींनी ते बटण दाबलं, रुमालाने बोट पुसलं आणि बायकोशेजारी बाकावर येऊन साळसूदपणे बसले.

पहिलंच गीत त्यांनी स्वतः हजारदा वाजवलेलं होतं. कीबोर्ड एकीकडे, गिटार दुसरीकडे. असा काही कलकलाट झाला, की पुढच्या बाकावरच्या आजींनी कानावर हात ठेवले. मुलीने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. घड्याळजींना हसू आवरेना.

मुलगी लाल झाली. "माफ करा. माझंच काहीतरी चुकतंय. राहू दे वाद्यं, आपण तसंच गाऊ या."

आणि ती गायला लागली. मंडळी आधी चाचरली, मग एकेक आवाज येऊन मिळत गेला. घड्याळजींनी चुका वेचायला कान टवकारला, तेवढ्यात अगदी शेजारून एक जाडाभरडा, सुराला सोडून चाललेला आवाज आला. बायको! डोळे मिटून, दोन्ही हात पदरात धरून ती मोठ्याने गात होती. कोण ऐकतंय याचं तिला भानच नव्हतं. ज्या देवासाठी ती गात होती त्याच्याशी तिचं थेट बोलणं चाललं होतं, आणि त्या बोलण्यात नवरा कुठेच नव्हता.

आपणही गावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. दुसरं कडवं येईना. सत्तावीस वर्षं बोटांनी सूर राखले होते, शब्दांकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. सगळ्या चर्चमध्ये ते एकटेच गप्प होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकरी घ्यायला पुढे जाण्याआधी, या मंडळीची एक रीत होती. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या बाकापर्यंत जायचं आणि हातात हात घ्यायचा. बेकरीवाल्याची मुलगी तडक घड्याळजींकडे आली. तिने त्यांचा हात हातात घेतला.

"काका, आमचा राग आला असेल ना तुम्हाला? आणि आज तर मी सगळा विचकाच केला. पुढच्या रविवारपासून तुम्हीच वाजवत जा. दर रविवारी. मी सांगते पाळकांना."

हवं होतं ते आपल्या पायांनी चालत आलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं.

"बटण मी दाबलं," घड्याळजी पुटपुटले.

"काय म्हणालात, काका?"

आता मोठ्याने बोलणं आलं. "कीबोर्डचं ते सूर चढवायचं बटण. ते मी दाबलं. मुद्दाम. तुझी काही चूक नाही, पोरी."

पुढच्या दोन बाकांवरच्या माना वळल्या. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात तिने काढून घेतला नाही. काढून घेतला असता तर बरं, असं घड्याळजींना वाटलं.

मंडळी भाकरीसाठी पुढे गेली. घड्याळजी उठले नाहीत. देवापुढे जायला आपल्याला तोंडच नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

शेवटचं गीत सुरू झालं, तेही वाद्यांवाचून. निदान बायकोचा आवाज तरी ऐकावा म्हणून त्यांनी तिच्याकडे मान वळवली. ती मान वळलेली दिसताच बायको दचकली, गप्प झाली आणि नुसते ओठ हलवू लागली.