अकरा मेंबर आणि एक मेंदी

सोसायटीची बाग ज्यानं सांभाळली, त्याच्याकडे किस्से कमी पडत नाहीत. गवतासारखंच आहे ते. एक सांगून संपवावा तर मागून दुसरा उगवलेला असतो.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची गोष्ट. सक्करदऱ्याला माझी छोटी नर्सरी होती आणि बागकामाचं कंत्राट म्हणाल तर एकच, तलावाजवळच्या नव्या कॉलनीचं. ते गेलं असतं तर नर्सरीला कुलूपच. म्हणून मी त्या कमिटीला जाम घाबरायचो. कमिटीत मेंबर अकरा, माझ्याकडे माळी एक. सदाशिव.

पहिल्याच आठवड्यात अध्यक्ष, रिटायर्ड हेडमास्तर, म्हणाले, "कंपाउंडची मेंदी गुडघ्याइतकी ठेवा." दुपारी सेक्रेटरी भेटले. "मेंदी छातीइतकी पाहिजे. आत बायामाणसं बसतात."

आता ऐकायचं कोणाचं? सदाशिवला विचारलं, तर तो दोघांनाही "हो जी" म्हणून मोकळा झाला होता.

"अरे, पण कापायची किती?"

"आठ दिवस काहीच नाही करायचं, साहेब. आठ दिवसांत मानूस इसरते."

आठ दिवसांनी दोघंही मला वेगवेगळे भेटून म्हणाले, "आता कशी बरोबर झाली!" मेंदीला कोणी हातही लावला नव्हता.

एकदा लॉनमधलं तण काढलं. संध्याकाळी कॉलनीतल्या वानखेडेकाकू समोर उभ्या. "काहून गा भाऊ, माहा सांबार उपटला तुह्या माणसानं?" लॉनच्या मधोमध त्यांनी कोथिंबीर पेरली होती, आणि कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यावर कमिटीचा ठराव झाला, लेखी परवानगीशिवाय एकही रोप उपटायचं नाही. मग उगवलं गाजरगवत. मी अर्ज दिला. सेक्रेटरींनी तो परत पाठवला, "रोपं किती ते लिहा." मी मोजायला बसलो. खरंच बसलो! मोजून होईतो त्याला फुलं आली आणि कमिटीकडून चिठ्ठी आली, "पांढरी फुलं छान दिसतात. आणखी लावावीत." खाली सही कोणाची होती ते मला अजून कळलेलं नाही.

वर्षाची सभा गच्चीवर भरली, मी आणि सदाशिव कोपऱ्यात उभे. अकराही जणांनी तक्रारी वाचल्या. नवीन कंत्राटदार आणायचा ठराव आला आणि अकरा हात वर गेले. त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, तेही मला काढण्यावर. अध्यक्ष सदाशिवकडे वळले, "उद्यापासून येऊ नको गा. समजलं?"

"हो जी."

मी नर्सरीत सुन्न बसून राहिलो. सदाशिव रोज यायचा, कुंड्यांना पाणी घालायचा. नवव्या दिवशी त्यानं कात्री कॅरियरला बांधली आणि सायकल काढली.

"कुठं चालला रे?"

"कामावर."

उन्हानं डोकं फिरलं की काय याचं! मी स्कूटरला किक मारली आणि मागे निघालो. कॉलनीच्या फाटकातच अध्यक्ष उभे होते.

ते सदाशिववर खेकसले, "काहून गा, आठ दिवस कुठं होता? गवत पाह्य किती वाढलं! अन् मेंदी छातीइतकी होऊ दे म्हणून कितीदा सांगायचं तुले?"

"हो जी," सदाशिव म्हणाला.