सुमनच्या हातचं तिखट

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. वकीलबाईंना अर्धं माहीत आहे, तेही नाइलाजानं सांगावं लागलं म्हणून. पूर्ण फक्त तुम्हाला सांगतोय. आणि विषय पोटाचा आहे, तेव्हा जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

मी झरीचा. फौजेतून नायकाच्या हुद्द्यावरून घरी आलो. गावात मला अजूनही 'फौजी' म्हणतात, आणि माझ्या बायकोला, सुमनला, 'तिखटबाई'. हे नाव तिला कुणी पाडलं? तेच सांगायचंय — पण जरा दम धरा, मला वेळ लागतो.

माझं पोट बिघडलं ते बर्फातल्या चौकीवर. थंडी, डब्यातलं अन्न, सतत ताण — कशानं ते डॉक्टर जाणोत. सारखं पळावं लागायचं. आणि तिथं पळायचं म्हणजे बूट, कोट, पट्टा, बंदूक, सगळं सांभाळत पळायचं. रक्तही पडायचं. मी कुणाला बोललो नाही. कसं बोलणार? सरहद्दीवर छाती काढून उभा असलेला जवान, आणि त्याला हुकूम सोडतंय त्याचंच आतडं! बंकरमधल्या जोडीदाराला तेवढं माहीत होतं, कारण त्याच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं.

तसाच सुट्टीवर आलो. स्वातंत्र्यदिनाला शाळेनं झेंडावंदनासाठी मला बोलावलं. अख्खं गाव मैदानात. मी कडक इस्त्रीच्या गणवेशात. दोरी ओढली, झेंडा फडकला, मी सॅल्यूट ठोकला, पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं — आणि पोटानंही सुरू केलं. मी दम धरला. खरंच धरला. पण गीत अर्ध्यावर आलं आणि मी सॅल्यूट सोडून शाळेमागं पळालो. फौजी. राष्ट्रगीत चालू असताना.

परत आलो तर सगळे माझ्याकडंच बघत होते. सरपंचांनी विचारलं, "काय झालं फौजी? भ्यालाव का काय?"

लोक हसले. तो एक शब्द मला सोसला नाही. तोंडातून निघून गेलं, "भितंय कोण? बायकोनं कालवण केलतं. लय तिखट हात हाय तिचा, आतडी जळाली माझी!"

मग तर मैदान लोटपोट झालं. सुमन बायकांत उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, तीही हसायलीय.

कालवण फिकं होतं. मी थकून आलोय म्हणून तिनं मुद्दाम फिकं केलं होतं.

तिथंच थांबलो असतो तर? पण हे खोटं फार सोयीचं निघालं. युनिटमध्ये डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी म्हणालो — सुट्टीपासून, घरचं तिखट खाल्लं तेव्हापासून. त्यांनी लिहून घेतलं. पुढं त्याच आजारापायी मला घरी पाठवलं. डिसॅबिलिटी पेन्शन मागितली तर उत्तर आलं : आजार नोकरीमुळे नाही, घरच्या खाण्यामुळे. अपील केलं, पुन्हा तेच. म्हणजे सरकारदप्तरीसुद्धा सुमनच दोषी ठरली — माझ्या शब्दावर.

इकडं घरात काय चाललं होतं? आई उठताबसता म्हणायची, "माझ्या लेकाची आतडी जाळली हिनं." विहारात जयंतीच्या जेवणावळीत बायका सुमनच्या हातातली पळी काढून घ्यायच्या. "तू भाकरी थाप बाई, कालवणाला हात लावू नको." सुमननं स्वतःच्या ताटातलीही मिरची सोडली. मराठवाड्यात राहून! घरातून ठेचा गेला. मी मात्र अपिलाच्या कामाचं निमित्त काढून परभणीला जायचो आणि बसस्टँडसमोर मिरचीभजी खायचो. त्याची शिक्षा पोट लगेच द्यायचं, ते वेगळं.

शेवटी फौजेच्या लवादाकडं दाद मागायचं ठरलं. परभणीच्या वकीलबाईंना मी एकट्यानं जाऊन चौकीवरचं सगळं सांगितलं. "मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?" मी माझ्या चपलांकडं बघत बसलो. त्या म्हणाल्या, बंकरमधल्या जोडीदाराचं प्रतिज्ञापत्र मागवा, आणि घरी जेवण कसं होतं ते बायकोला सांगू द्या.

पुढच्या खेपेला सुमनला घेऊन गेलो. तिला आधी काहीच बोललो नाही. खरंच तर सांगायचं होतं तिला, त्यात शिकवायचं काय? — असं मी मनाशी म्हणालो.

वकीलबाईंनी विचारलं, "ताई, हे सुट्टीवर आले तेव्हा स्वयंपाक तिखट असायचा?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं. मग ती म्हणाली, "न्हाई मॅडम. फिकंच केलतं." आणि सही केली.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. झरी जवळ आली तेव्हा हळूच म्हणाली, "आज तुमच्यापायी खोटं बोलले मी."

"खोटं कसं?"

"मला फिकंच आठवतंय वो. पण चटणीचा चमचा चुकून दोनदा पडला असंल. तुमची आतडी काय खोटं बोलतेत व्हय?"

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. सुमन, तू खरं बोललीस. पलीकडची सीट रिकामी होती, वेळही होता. आणि मी काय म्हणालो? "होऊ दे. कुणाला कळायलंय?"

निकाल आमच्या बाजूनं लागला. पेन्शन सुरू झाली, सरपंच हार घेऊन आले, मी गावभर पेढे वाटले. सुमननं पेढा हातात घेतला आणि शेजारच्या पोरीला देऊन टाकला.

आता दर पौर्णिमेला आम्ही विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते आलं की बायकांच्या ओळीतला एक आवाज बंद होतो आणि पाचव्याला पुन्हा सुरू होतो. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "जे मोडलं ते बुद्धासमोर कोणत्या तोंडानं म्हणू?"

मी म्हणतो. चौथंही म्हणतो, खणखणीत, परेडवर म्हणावं तसं. भंतेजी सगळ्यांना सांगतात, उच्चार शिकावेत तर फौजीकडून.