बहात्तर पायऱ्या

पावणेसहाची बस सगळी वस्ती उचलून शहरात नेते आणि संध्याकाळी सव्वासातला परत आणून टाकते. मधल्या वेळात त्या सहामजली इमारतीत उरतात कुलपं, कुंड्या आणि किल्लीमावशी. ज्यांची घरं, त्यांनी ती दिवसाउजेडी पाहिलीच तर रविवारी, तीही अर्धवट झोपेत.

किल्लीमावशी तळमजल्यावर एकटी राहायची. तिच्या दारामागच्या फळीवर बत्तीस खिळे आणि बत्तीस किल्ल्या. गॅसवाला आला, मावशी. पार्सल आलं, मावशी. शाळेची व्हॅन आली, मावशीच. कुणाच्या फ्रिजमध्ये काय सडतंय, कोणत्या नवराबायकोच्या उशा वेगवेगळ्या खोल्यांत गेल्यात, हे तिला इत्थंभूत ठाऊक. पण ओठावर येईल तर शपथ! अशी बाई शेजारी असणं म्हणजे चौकस माणसाला उपासच.

स्वतःची एक गोष्टही तिने अशीच पोटात ठेवली होती. सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, आतल्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय, तो वाढत जाईल, चष्म्याचं काम नाही. तेव्हापासून समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी धूर, कडेकडेचं तेवढं दिसायचं. माणसं ती चपलांच्या आवाजावरून ओळखायची. लिफ्टचे आकडे दिसेनात, म्हणून लिफ्टच सोडली. "जीव घाबरतो गं माझा त्या पेटीत," असं सांगून पायऱ्या मोजत चढायची. मजल्याला अठरा. चौथा मजला बहात्तर. हे कळलं तर लोक किल्ल्या काढून नेणार, आणि किल्ल्या गेल्या की आपण कोण? तळमजल्यावरची एक म्हातारी, बस्स.

त्या मंगळवारी व्हॅन दोन वाजताच दाराशी आली. चौथ्या मजल्यावरच्या लॅबवालीची पाच वर्षांची पोर तापाने फणफणली होती. लॅबवाली शहरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, नवरा महिन्यातून एकदा घरी येणारा. मावशी पोरीला चिमणी म्हणायची. तिने चिमणीला खांद्यावर टाकलं आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला. चिमणीच्या घराच्या उभ्या रांगेतला पाइप गळत होता, प्लंबर रोज एकेका मजल्यावरची मोरी खणत होता, म्हणून आठवडाभर सगळ्या मजल्यांच्या किल्ल्या एकाच कडीत ओवलेल्या होत्या.

चाळीस, एकेचाळीस... फोन वाजला.

"मावशी, आली का हो ती? ताप किती आहे?"

"आहे थोडी कणकण. तू नको काळजी करू."

"तुमच्याकडे ठेवलंय ना, ते गुलाबी औषध द्या. एक चमचा."

फोन ठेवला तेव्हा आकडा डोक्यातून उडाला होता. मावशी अंदाजाने चढली. दाराशी एका हाताने एकेक किल्ली लावून पाहिली, तिसरी फिरली. फिरली म्हणजे हेच घर. आतही सगळं जागच्या जागी, डावीकडे स्वयंपाकघर, समोर पलंग. असणारच! बिल्डरने सगळी घरं एकाच साच्यातून काढलेली. पोरीला निजवून, दार ओढून ती औषध आणायला खाली गेली.

वर येताना एकही पायरी चुकली नाही. बहात्तर. दार उघडून तिने पलंगावरून हात फिरवला. चादर गार, एक सुरकुतीसुद्धा नाही.

काय झालं ते तिला तिथेच कळलं. भिंतीला धरून ती एक मजला उतरली, तर तिसऱ्या मजल्यावरच्या दाराआडून रडं ऐकू येत होतं. ते घर बँकेतल्या ब्रह्मचाऱ्याचं. चिमणी जागी झाली, परकं घर पाहून घाबरली आणि आईने शिकवलं होतं तशी स्टूल ओढून आतून कडी लावून बसली. ती कडीही मालकासारखीच हट्टी. लागायची पटकन, निघायची नाही.

"चिमणे, कडी काढ गं राणी."

"निघत नाहीये! कुणाचं घर आहे हे? घाण वास येतोय!"

"मोज्यांचा असेल. मोजे चावत नाहीत. डावीकडे जा, फ्रिजच्या दारात पाणी असेल बघ. घोट घोट पी. डब्यात बिस्किटं असली तर घे. काका ओरडले तर माझ्याकडे पाठव."

तेवढ्यात पुन्हा फोन. "औषध दिलंत?"

बाटली मावशीच्या हातात होती. "दिलं," ती म्हणाली. "झोपलीय."

बत्तीस घरांची गुपितं तिने गिळली होती, पण खोटं कुणाला सांगितलं नव्हतं. हे पहिलंच.

वर सहाव्या मजल्यावर प्लंबरची ठोकठोक चालू होती. एक हाक मारायची, की काम झालं. पण हाक मारली की कारण सांगावं लागणार. मावशी पायरीवर बसून दाराशी बोलत राहिली. गोष्ट सांगितली, बेसूर गाणं म्हटलं, कडी वर कर, आता बाजूला ओढ, असं दहादा समजावलं. तास गेला. मग आतून हूं की चूं येईना.

"चिमणे? अगं चिमणे!"

मावशीने जिन्यात तोंड वर करून अशी आरोळी ठोकली, की प्लंबर हातोडी घेऊनच धावत आला.

"इथे कशी काय ही पोरगी?"

"मी ठेवली. मला दिसत नाही रे. कुणाला सांगितलं नव्हतं."

त्याने वरून पहार आणली आणि दोन हिसक्यांत कडी उखडली. चिमणी आत भिंतीला टेकून झोपली होती, तोंडाभोवती बिस्किटाचा चुरा, अंग तव्यासारखं तापलेलं. मावशीने तिथेच मांडीवर घेऊन औषध पाजलं.

"मी सांगतो, पाइपासाठी दार तोडावं लागलं," प्लंबर हत्यारं गोळा करत म्हणाला. "डोळ्यांचं कशाला काढायचं, मावशी?"

मावशीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही.

सव्वासातला लॅबवालीच्या चपला दोनदोन पायऱ्या चढत चौथ्या मजल्यावर आल्या, तेव्हा मावशी चिमणीच्या उशाशी होती. ताप उतरला होता. मावशीने सगळं सांगितलं, घर, कडी, डोळे. शेवटी म्हणाली, "आणि औषध दिलं म्हणाले ना, तेव्हा दिलं नव्हतं. तासाभराने दिलं."

"प्लंबर वरच होता ना?"

"होता."

लॅबवालीने दार लावलं. हळूच लावलं. आपटलं असतं तर मावशीला जरा बरं वाटलं असतं. खाली ब्रह्मचारी उखडलेल्या कडीकडे पाहत म्हणाला, "चला, निदान उघडली तरी."

बुधवारी संध्याकाळी मावशी सगळ्या किल्ल्या ओच्यात घेऊन निघाली आणि मजल्यामजल्याला थांबत ज्याची त्याला देत गेली. सोबत एकेक निरोप.

"तुमचा मोरीतला नळ दुपारी ठिबकतो, तुम्ही घरी असता तेव्हा नाही."

"तुमच्या खिडकीत कबुतरीने घातलीत अंडी. पंधरा दिवस ती उघडू नका."

"तुमच्या वडिलांच्या फोटोवर उन्हाची तिरीप येते, फिका पडत चाललाय. भिंत बदला."

"अहो मावशी, असं काय! राहू द्या की तुमच्याकडेच," लोक म्हणत होते, आणि म्हणता म्हणता किल्ली खिशात टाकत होते.

सगळ्यात शेवटी चौथा मजला. "साडेअकराला चिमणीच्या पलंगावर ऊन येतं. उशीपर्यंत. घरी आहेस तोवर पडदा ओढून घे."

"बरं," लॅबवाली म्हणाली. किल्ली घेतली.

शुक्रवारी पहाटे मावशी सवयीने उठून दाराशी उभी राहिली. एकेक चपला जिन्यावरून उतरल्या, दारावरून गेल्या. कुणाला थांबायचं कारणच नव्हतं. तिचा हात रिकाम्या खिळ्यांवरून फिरत होता, तेवढ्यात दोन चपला थांबल्या. त्यांच्यासोबत दोन इवलेसे बूट.

"किल्ली देणार नाही," लॅबवाली म्हणाली. "ही तुमच्याच घरात राहील. जिना चढायचा नाही. दार उघडं ठेवायचं. आणि काही झालं तर आधी आरडाओरडा करायचा."

"करीन."

"माझी रजा संपली, दुसरं कुणी नाही, म्हणून ठेवतेय."

"ठाऊक आहे गं मला."

बसचा हॉर्न वाजला. ती दोन पावलं गेली आणि थांबली. "काल बघितलं ऊन. उशीपर्यंत नाही, पार हिच्या कानापर्यंत येतं."

मग पळाली. चिमणी आत येऊन मावशीच्या समोर उभी राहिली.

"मावशी, मी दिसते का तुला?"

"समोरून नाही गं. कडेने दिसतेस थोडी."

चिमणीने जरा विचार केला, स्टूल ओढलं आणि मावशीच्या कडेला जाऊन बसली.