ओळीच्या शेवटी थांबणारा अंगठा

आज मी जो काही आहे तो आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या गुरुजींमुळे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला, केडगावहून बसने मला नगरला नेलं आणि प्रवेशाच्या रांगेत माझ्या मागे उभे राहिले, मी पळून जाऊ नये म्हणून. गिटारही त्यांनीच हातात दिली. पुढे संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली आणि रविवारच्या उपासनेला साथ करायचं काम माझ्याकडे आलं.

एवढं ऋण असलेल्या माणसावर चिडणं शोभत नाही. पण त्या वर्षी नाताळच्या आधी मी चिडलो होतो.

मी एका शाळेत विज्ञान शिकवतो. स्नेहसंमेलनात परदेशी नाच हवा, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि मी हात वर केला. तेव्हा मला केजन आणि झायडेको संगीताचं वेड लागलं होतं. अमेरिकेत लुइझियाना नावाचं पाणथळ राज्य आहे. तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांचं ते नाचाचं संगीत. केजनमध्ये अकॉर्डियन आणि व्हायोलिन असतं. झायडेको तिथल्या काळ्या लोकांचं. त्यात एक जण छातीवर खाचांचा पत्रा अडकवून त्यावर चमचे घासतो. मोबाईलवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ही तर आपली पेटीच, फक्त नाचायला निघालेली.

हे सगळं मला एका गिटारवर, नुसत्या बोटांनी वाजवायचं होतं. अकॉर्डियनचा सूर भाता हलतोय तोवर टिकतो. गिटारचा सूर तार सोडली की मरायला लागतो. महिनाभर मी प्रत्येक सूर जसाच्या तसा उचलत बसलो आणि ऐकायला आलं ते डब्यात खडे हलवल्यासारखं. मग निम्मे सूर टाकून दिले. सर्वांत जाड तार एका सुराने खाली उतरवली. अंगठा जाड तारांवर आळीपाळीने चालता ठेवला आणि चाल वाजवताना शेजारची तार मोकळी घुमू दिली. पत्र्याच्या जागी नखांनी तारांवर खरखर काढली. एवढं जमल्यावर आठवीच्या मुलींना बोलावलं.

मुली दर ओळीला अडखळायच्या. मला वाटलं, त्यांचंच चुकतंय.

"सर, तुमी मधीच थांबताय," एक म्हणाली.

"मी कुठे थांबतोय?"

"थांबताय सर. माझा पाय वरच राहतोय."

"दर स्टॉपला गाडी उभी करताय," मागची म्हणाली. "कुनी चढायचं राहिलंय का?"

सगळ्या हसल्या. मी रागावून मोबाईलवर टेप केलं आणि घरी ऐकलं. मुली खरं बोलत होत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझा अंगठा पाव क्षण थबकत होता.

का, ते रविवारी चर्चमध्ये कळलं. तिसऱ्या बाकावरची आजी शेवटचं अक्षर लांबवत होती आणि माझा अंगठा तिची वाट बघत होता. हेच तर गुरुजींनी शिकवलं होतं. "शेवटची म्हातारी ओळ संपवील, तवा आपला पुढचा सूर. तिला मागं टाकून गेलास तर ते वाजवनं न्हाई, पळून जानं हाय." बारा वर्षं मी तसाच वाजवत होतो.

मग नवाच वैताग सुरू झाला. सोमवार ते शनिवार न थांबता वाजवायचं शिकायचं, रविवारी पाच गीतांना थांबायचं, आणि सोमवारी मुलींचे पाय पुन्हा हवेत. दोन आठवडे असेच गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, बसत नसेल तर स्पीकरवर लावू या. कशाला जिवाला त्रास?" मुलींचे चेहरे पडले. शाळेत जिवंत वाद्यावर कोणी नाचलं नव्हतं आणि त्यांनी ते घरोघरी सांगून ठेवलं होतं.

एका शनिवारी मला ते एकदाचं सरळ वाजवता आलं. तसाच गिटार घेऊन गुरुजींकडे गेलो आणि ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"ब्येस हाय. पर श्वास घ्यायला जागा न्हाई ठेवलीस."

"गुरुजी, हे गायचं नाही, नाचायचंय."

"मंग नाचनारा श्वास घेत न्हाई व्हय?"

मी चहा पिऊन परत आलो. सांगायला गेलो होतो ते राहूनच गेलं. समोर बसून मला ते सांगता आलं नसतं. त्यांचं घर सायकलवर दहा मिनिटांवर असूनही मी पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी वाकड्या बोटांनी ते स्वतः पेटीवर बसले, असं कळलं. संमेलनात मुली शेवटपर्यंत नाचल्या, आणि मी कुठेही थांबलो नाही. पत्राची नक्कल माझ्याकडे आहे.

"गुरुजींना सप्रेम नमस्कार.

नाताळच्या आधीचे तीन रविवार मी साथीला येणार नाही. गीतांची तालीम याच दिवसांत असते, हे मला माहीत आहे. तुमची बोटं दुखतात, हेही माहीत आहे. तरी मागतो आहे.

तुम्ही मला थांबायला शिकवलं. ते माझ्या हातात इतकं बसलं आहे की नाचणाऱ्या मुली माझ्यामुळे अडखळतात. एका रविवारी वाजवलं की आठवड्याची मेहनत वाया जाते. दोन्ही गोष्टी एकाच हाताला जमत असतील, पण मला अजून जमत नाहीत. तुम्ही शिकवलेलं मला मोडायचं नाही. तीन आठवडे बाजूला ठेवायचं आहे.

राग आला तर रागवा. आजींना सांगा, मी आजारी नाही. नाताळच्या दिवशी पहाटे येऊन गिटार लावून ठेवीन.

आपला विद्यार्थी"